साडेपाच मिनिटांच्या धावेचा खर्च कोणी सोसायचा?

छत्रपती संभाजीनगरातून अजिंठ्याच्या दिशेने निघाले की शहराच्या उत्तर अंगाला हर्सूल लागते. एके काळी स्वतंत्र गाव असलेले हर्सूल आता शहरात मिसळून गेले आहे. मध्यवर्ती कारागृह, जुना तलाव आणि हरसिद्धी मातेचे देऊळ ही त्याची परंपरागत ओळख. अलीकडच्या वर्षांत या ओळखीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. पहाटे पाचच्या सुमारास, रस्त्यावरचे दिवे अजून मालवलेले नसताना, या रस्त्याच्या कडेने अठरा-एकोणीस वर्षांची मुले धावताना दिसतात. कोणी फुलंब्रीकडचा असतो, कोणी सिल्लोडचा, कोणी कन्नड किंवा भोकरदनचा. तिघे-चौघे मिळून एक खोली भाड्याने घेतात, डबा लावतात आणि कुठल्या तरी 'अकॅडमी'त नाव घालतात. या साऱ्या खटाटोपाला त्यांच्या बोलीत एकच शब्द आहे : 'भरती'. भरती सैन्यातली की पोलिसांतली हे पुढे पाहता येते. आधी 'ग्राउंड' निघाले पाहिजे.

या मुलांविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. पंधरा ऑगस्टच्या आसपास त्यांच्या जिद्दीचे कौतुक होते आणि बेकारीवरील परिसंवादात त्यांची कीव केली जाते. दोन्ही सुरांत एक व्यावहारिक प्रश्न बुडून जातो. ही मुले ज्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षे धावतात ती परीक्षा नेमकी काय आहे, तिची तयारी शास्त्रशुद्ध रीतीने किती काळात होऊ शकते, आणि त्या तयारीचा खर्च न्यायाने कोणी सोसावयास हवा? प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रश्नाचे उत्तर आज आपण उलटे देत आहोत. परीक्षा सरकार घेते, माणसे सरकारला हवी आहेत, आणि तयारीचा सारा भार मात्र दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीवर टाकलेला आहे.

प्रथम परीक्षा पाहू. सैन्यातील जवानांच्या भरतीत शारीरिक क्षमतेला १०० गुण असतात. त्यांपैकी ६० गुण १.६ किलोमीटरच्या धावेला आहेत आणि हे पूर्ण गुण ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत अंतर कापणाऱ्यालाच मिळतात. त्याहून पंधरा सेकंद अधिक लागले की गुण ४८ वर येतात. उरलेले ४० गुण 'बीम'चे, म्हणजे आडव्या दांडीला लोंबकळून हनुवटी दांडीवर नेण्याचे. अशा दहा खेपा झाल्या तर ४० गुण, सहाच झाल्या तर १६. याखेरीज नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणे आणि नागमोडी ओंडक्यावरून तोल सांभाळत चालणे या दोन गोष्टींना गुण नाहीत, पण त्या जमल्याच पाहिजेत. सैन्यात दाखल झाल्यानंतर जवानाला ज्या नियतकालिक चाचण्या द्याव्या लागतात त्या याहून पुष्कळ कठीण आहेत. त्यांत पाठीवर सामान व हाती शस्त्र घेऊन पाच किलोमीटर धावावे लागते. पण त्यांची तयारी सैन्य स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या उस्तादांकडून आणि स्वतःच्या भटारखान्यातील अन्नावर करून घेते. आपला विषय त्या दारापाशी पोहोचण्याचा आहे.

साडेपाच मिनिटांत १.६ किलोमीटर म्हणजे ४०० मीटरचा प्रत्येक फेरा साडेब्याऐंशी सेकंदांत, आणि असे चार फेरे सलग. शहरी वाचकाने हा वेग एकदा मनाशी ताडून पाहावा. तासाला साडेसतरा किलोमीटर होतात. तरीही निरोगी, सडपातळ आणि कष्टाची सवय असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हा वेग अशक्य नाही. क्रीडाशास्त्राच्या दृष्टीने तो मध्यम प्रतीचा आहे. या अंतरात लागणाऱ्या शक्तीपैकी तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक शक्ती शरीर प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण करते. म्हणून हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद वाढविणे हा तयारीचा पाया. आणि ठरलेल्या वेगाची सवय पायांना लावणे हा त्यावरचा मजला.

१.६ किलोमीटर हे अंतर व्यवहारात एक मैलच आहे. या एका मैलाने धावण्याच्या इतिहासात केवढे तरी कुतूहल निर्माण केले. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर याने जगात प्रथमच हे अंतर चार मिनिटांच्या आत, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. बॅनिस्टर त्या वेळी वैद्यकाचा विद्यार्थी होता. रुग्णालयातील कामातून दुपारी मिळणाऱ्या सुटीतच तो सराव करी. त्या सरावाचा कणा असा होता : पाव मैल वेगाने धावायचे, दोन मिनिटे विसावा घ्यायचा आणि असे दहा वेळा करायचे. त्या हिवाळ्यात त्याने पाव मैलाची आपली सरासरी ६६ सेकंदांवरून हळूहळू ५९ सेकंदांवर आणली. चार मिनिटांच्या मैलाला प्रत्येक पाव मैल साठ सेकंदांचा. तेव्हा सराव त्या वेगापेक्षा किंचित अधिक वेगाचा. यात कसलेही गूढ नाही आणि पैसाही फारसा नाही. लागते ते मोजलेले अंतर, घड्याळ आणि थांबायचे केव्हा हे सांगणारा माणूस.

हर्सूलच्या रस्त्यावर नेमक्या याच तीन गोष्टी दुर्मिळ आहेत. अंतर मैलाच्या दगडांवरून, विजेच्या खांबांवरून किंवा मोबाइलवरून ठरते. घड्याळ असते, पण ते रोज असते आणि खरी गोम तेथेच आहे. मुले दररोज सकाळी संपूर्ण १६०० मीटर जीव तोडून धावतात आणि वेळ पाहतात. काल ६ मिनिटे ५ सेकंद होती, आज ६ मिनिटे १० सेकंद झाली, म्हणजे मेहनत कमी पडली, असा निष्कर्ष काढून उद्या आणखी जोराने धावतात. वस्तुतः स्नायू धावताना झिजतात आणि बळकट होतात ते विश्रांतीच्या काळात. रोज परीक्षा देणारा विद्यार्थी अभ्यास कधी करणार? एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाने आखलेल्या आठवड्यात साधारणपणे एक दिवस सहा-आठ किलोमीटरची संथ धाव असते, इतकी संथ की शेजाऱ्याशी बोलता यावे. दोन दिवस तुकड्या-तुकड्यांनी वेगाचा सराव. एखादा दिवस टेकडीच्या चढावर. आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवीत न्यायचे. आज वीस किलोमीटर आणि पुढच्या सोमवारपासून एकदम चाळीस असे नव्हे. या क्रमाने आठ ते बारा आठवड्यांत बहुतेक निरोगी मुलांच्या वेळेत ठळक सुधारणा होते. मर्यादा कोठे पडते तेही याच अवधीत बहुधा कळून येते, आणि ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही.

डांबरी रस्त्याचा एक वेगळा हिशेब आहे. घासून गुळगुळीत झालेले बूट, कठीण पृष्ठभाग आणि एकाएकी वाढविलेले अंतर यांचा योग जुळला की प्रथम नडगी दुखू लागते. ते दुखणे अंगावर काढले तर नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. अशा मुलाला सहा-आठ आठवडे धावणे थांबवावे लागते, आणि वयोमर्यादेच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलाला एवढे आठवडे म्हणजे एक भरती. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रांत असे प्रयोग झाले आहेत की नव्या जवानांच्या धावण्याचे एकूण अंतर कमी केले, इतर व्यायाम वाढविले, तेव्हा दुखापती घटल्या आणि चाचणीतील कामगिरी मात्र घसरली नाही. 'जितके जास्त धावाल तितके लवकर पोहोचाल' हा आपल्या अकॅडम्यांतील मंत्र तेथे टिकला नाही. उन्हाचा प्रश्न तर याहून गंभीर. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीसभरतीत पाच किलोमीटरच्या धावेनंतर उमेदवारांचे मृत्यू ओढवले तेव्हा राज्य शासनाला धावेचे अंतर आणि वेळ दोन्हींचा फेरविचार करावा लागला. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडात उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीसाठी दहा किलोमीटरची धाव ठेवली होती. तीत दहाहून अधिक तरुण दगावले. अशा वेळी चौकशी होते ती मैदानावरील व्यवस्थेची. मैदानावर येण्यापूर्वी त्या मुलाने महिनोन्महिने काय खाल्ले, कसा सराव केला, वेदनाशामक औषधे किंवा उत्तेजक इंजेक्शने कोणाच्या सल्ल्याने घेतली, याची चौकशी करणारी यंत्रणाच नाही.

बीमविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्याला एकही खेप जमत नाही त्याने स्टुलावर चढून हनुवटी दांडीवर न्यावी आणि तेथून सावकाश खाली यावे, या एका युक्तीने महिन्या-दीड महिन्यात खेपांची सुरुवात होते. गावोगावी दांडी रोवण्याचा खर्च तो काय! नऊ फुटांचा खड्डाही खोऱ्याने खणता येतो, आणि त्याच्या भीतीचा भाग सरावाने चार दिवसांत जातो.

रक्ताचा प्रश्न मात्र युक्तीने सुटणारा नाही. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ३१.१ टक्के मुलगे आणि ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. म्हणजे हर्सूलच्या रस्त्याने धावणाऱ्या तीन मुलांत जवळजवळ एक असा असण्याचा संभव आहे, की ज्याची अडचण जिद्दीची नसून लोहाची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील एका साध्या तपासणीने ती कळू शकते आणि गोळ्यांनी व आहाराने काही महिन्यांत बऱ्याच अंशी दूर होऊ शकते. त्याऐवजी ती कळते केव्हा? तिसऱ्या भरतीत तिसऱ्यांदा अपयश आल्यावर, आणि पुष्कळदा तेव्हाही नाही. डब्यातील दोन भाज्या, चार पोळ्या आणि आठवड्यातून एखादे अंडे यांवर रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाला अकॅडमीतील शिक्षक 'मन घट्ट कर' असे सांगतो तेव्हा तो शिक्षक दुष्ट असतो असे नव्हे. त्यालाही दुसरे काही शिकविलेले नसते.

प्रशिक्षण कोणाच्या कामाचे?

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या भेदाची आठवण करून द्यावीशी वाटते. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या 'मानवी भांडवल' या विषयावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले. एक सर्वसाधारण प्रशिक्षण, जे कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते. दुसरे विशिष्ट प्रशिक्षण, जे एकाच मालकाच्या कामाचे असते. पहिल्या प्रकाराचा खर्च कामगाराने सोसणे स्वाभाविक, कारण त्याचे फळ तो कोठेही घेऊन जाऊ शकतो. दुसऱ्या प्रकाराचा खर्च मुख्यतः मालकाने सोसावा लागतो. नाहीतर शहाणा कामगार ते प्रशिक्षण घेणारच नाही.

आता १.६ किलोमीटरची धाव या दोहोंपैकी कशात बसते? कोणी म्हणेल, व्यायाम हा सर्वांनाच हितकर, तेव्हा ते सर्वसाधारण प्रशिक्षणच होय. हे अर्धेच खरे आहे. तरुणाने एक मैल सात मिनिटांत धावावा यात त्याचे आरोग्य आहे. सात मिनिटांवरून साडेपाच मिनिटांवर येण्यासाठी जे महिने आणि जे पैसे लागतात त्यांचा उपयोग मात्र सैन्याच्या किंवा पोलिसांच्या मैदानाबाहेर कोठेही नाही. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी मागावयास गेलेल्या मुलाला तुझी सोळाशे मीटरची वेळ काय असे कोणी विचारीत नाही. बेकरच्या भाषेत हे विशिष्ट प्रशिक्षण आहे, त्याचा लाभ घेणारा मालक एकच आहे, आणि तो मालक त्यासाठी भरतीपूर्वी एक पैसाही खर्च करीत नाही. हे त्याला परवडते, कारण दाराशी उभ्या असलेल्या मुलांची रांग अमर्याद आहे. २०२४ च्या महाराष्ट्र पोलीसभरतीत १७ हजारांच्या आसपास जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर. जेथे शंभर जण आपापल्या खर्चाने तयार होऊन येतात तेथे मालकाने प्रशिक्षणाची चिंता का करावी?

खर्च म्हणताना आपण सहसा अकॅडमीची फी, खोलीचे भाडे, डबा आणि बूट एवढेच धरतो. घरच्यांच्या दृष्टीने हा दिसणारा खर्चही लहान नाही. तो बहुधा कापसाच्या किंवा मक्याच्या पैशातून किंवा हातउसन्या रकमेतून भागविला जातो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. पाऊस वेळेवर न येणाऱ्या आपल्या भागात एवढ्या जमिनीतून वर्षाला काय उरते हे मराठवाड्यातील वाचकाला सांगावयास नको. परंतु न दिसणारा खर्च त्याहून मोठा आहे. अर्थशास्त्र त्याला वैकल्पिक परिव्यय म्हणते : या दोन-तीन वर्षांत मुलाने दुसरे जे शिकले असते, दुसरीकडे जे मिळविले असते, ते सारे. आयटीआयचा अभ्यासक्रम सुटतो, पदवीचे वर्ग नावापुरते राहतात. वर्गात हजेरी घेताना काही नावांपुढे महिनोन्महिने उत्तर येत नाही. शेजारचा मुलगा सांगतो, 'सर, तो भरतीला आहे.' हा 'आहे' फार लांबतो. कधी तो तेविसाव्या वर्षी परततो तेव्हा हाती पदवी नसते, हुन्नर नसतो. एक मैल साडेपाच मिनिटे आणि बारा सेकंदांत धावण्याची ताकद तेवढी असते.

एके काळी या जुगाराचे गणित तरी बरे जमत होते. एकदा भरती झाले की पंधरा-सतरा वर्षांची सेवा, त्यानंतर तहहयात निवृत्तिवेतन, कँटीन आणि औषधोपचार. तीन वर्षांची तयारी अशा उत्पन्नापुढे किरकोळ ठरे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने हे गणित बदलले. त्या घोषणेप्रमाणे सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार रुपये, चौथ्या वर्षी ४० हजार. या वेतनातील ३० टक्के रक्कम सेवानिधीसाठी कापून तेवढीच सरकारने घालावयाची आणि अखेरीस व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती द्यावयाचे. निवृत्तिवेतन नाही. तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखण्याचेही त्याच महिन्यात जाहीर झाले. या योजनेच्या लष्करी गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. सैन्याचे सरासरी वय कमी असावे हा विचार टाकाऊ नाही. पण गुंतवणूक करणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर परताव्याचा काळ पंधरा वर्षांवरून चारांवर आला आणि त्यानंतरचे सारे अनिश्चित झाले. तयारीचा खर्च मात्र पूर्वीएवढाच राहिला. ज्या मालकाने नोकरीचा करार आखूड केला त्याने तयारीच्या खर्चातील आपला वाटा वाढवावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. सर्वांनाच चांगले प्रशिक्षण मिळाले तर काय होईल? जागा तेवढ्याच राहतील, फक्त गुणवत्ता यादीची रेषा वर सरकेल. फ्रेड हिर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली अशा वस्तूंचा विचार मांडला होता, की ज्यांचे मूल्य इतरांकडे त्या नसण्यावर अवलंबून असते. सर्वांना मिळाल्या की कोणालाच लाभ उरत नाही. हा आक्षेप खरा आहे. सार्वजनिक प्रशिक्षणाने एकही नवी नोकरी निर्माण होणार नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्या पुढाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परंतु त्याने दोन गोष्टी साधतील. एक, निवड होईल ती अंगच्या कुवतीवर. शहरात खोली घेऊन राहण्याची कोणाची ऐपत आहे यावर होणार नाही. दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची, अपयशाची किंमत कमी होईल. गावातच बारा आठवडे नीट सराव करून ज्याची वेळ सहा मिनिटांच्या खाली येत नाही तो मुलगा एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या वाटेला लागेल. आज त्याला तेच कळावयास तीन वर्षे लागतात आणि घरची एखादी म्हैस विकली जाते.

अधिकाऱ्यांसाठी आहे, जवानांसाठी का नाही?

राज्याने अशा कामात कधी हात घातलाच नाही असे नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत महाराष्ट्रातील मुले अधिक संख्येने जावीत म्हणून राज्य शासनाने १९७७ साली याच शहरात सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर निवडलेल्या मोजक्या मुलांना तेथे दोन वर्षे राहण्या-जेवण्यासह तयार केले जाते. नाशिकला २०२३ पासून मुलींसाठी तशीच सोय झाली. या संस्थांनी चांगले अधिकारी दिले आहेत आणि त्यांच्यावर होणाऱ्या खर्चाविषयी कोणी तक्रार करू नये. तथापि अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलाची तयारी ही सरकारची जबाबदारी आणि शिपाई होऊ पाहणाऱ्या मुलाची तयारी ही त्याच्या बापाची, हा न्याय कोणता? बार्टी, महाज्योती यांसारख्या संस्थांच्या भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या योजना आहेत. त्या त्या समाजघटकांतील निवडक मुलांना त्यांचा लाभ होतो, पण ठरावीक संख्येच्या तुकड्या हे त्यांचे स्वरूपच असल्याने गावात राहून धावणाऱ्या बहुसंख्य मुलांपर्यंत त्या पोहोचत नाहीत.

मराठवाड्याच्या बाबतीत इतिहासाचाही एक भाग आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे किंवा कोल्हापुरातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत पिढ्यान् पिढ्या सैन्यात जाण्याची रीत आहे. तेथे निवृत्त सुभेदार-हवालदार गल्लोगल्ली भेटतात आणि भाच्या-पुतण्यांना धावण्याचे, खाण्याचे, थांबण्याचे ज्ञान घरबसल्या मिळते. आपला प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादची छावणी जुनी खरी, हैदराबाद कंटिंजंटच्या फौजा येथे राहत. पण त्या फौजांचा वारसा पुढे कुमाऊं रेजिमेंटकडे गेला, हर्सूल-फुलंब्रीच्या घराघरांत तो उतरला नाही. सातारकडचा मुलगा जे मामाकडून फुकट शिकतो ते आपल्याकडचा मुलगा बाजारातून विकत घेतो, आणि बाजारात ते शुद्ध मिळेलच याची हमी नाही.

मग करावयाचे काय? मोठी प्रबोधिनी, भव्य इमारत, कोनशिला यांची येथे गरज नाही. किंबहुना तसे काही होऊ लागले तर काळजीच वाटावी. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. पण हर्सूलच्या पुढे राहणाऱ्या मुलाने पहाटे शहर ओलांडून तेथे जावे ही अपेक्षा व्यवहार्य नाही. प्रत्येक मोठ्या गावात जिल्हा परिषदेच्या किंवा हायस्कुलाच्या मैदानावर चुन्याने आखलेली ४०० मीटरची, जागा नसेल तर २०० मीटरची, नीट मोजलेली मातीची धावपट्टी, दोन उंचीच्या दांड्या, एक खड्डा आणि पहाटेसाठी दोन दिवे एवढे पुरेसे आहे. त्यावर तालुक्यातील एखादा निवृत्त हवालदार किंवा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक सकाळचे दोन तास मानधनावर नेमावा आणि प्रथम त्यालाच पंधरा दिवसांचे शिक्षण द्यावे, म्हणजे तोही 'मन घट्ट कर'वर थांबणार नाही. नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची हिमोग्लोबिन तपासणी आरोग्य केंद्रात व्हावी. २०२३ पासून सैन्यभरतीत लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला आहे. लेखी उत्तीर्णांची यादी लागल्यापासून मैदानाच्या तारखेपर्यंतचा अवधी पुरेसा ठेवला आणि त्यातच हा बारा आठवड्यांचा क्रम बसविला तर खर्च फक्त त्या मर्यादित मुलांवर होईल.

मुलींचा उल्लेख वर ओघात आला, पण तो स्वतंत्रपणे करावयास हवा. लष्करी पोलीस दलात मुलींची भरती सुरू झाल्याला आता काही वर्षे झाली, राज्य पोलिसांत तर त्यांना आठशे मीटरच्या धावेचे गुण केव्हापासूनच आहेत. तरी हर्सूलच्या रस्त्यावर पहाटे पाचला धावणाऱ्यांत मुली अगदी थोड्या. मालमोटारींच्या उजेडात, अंधाऱ्या कडेने मुलीला एकटी कोणते आईबाप धाडतील? मुलासाठी मैदान नसणे ही गैरसोय आहे. मुलीच्या बाबतीत भरतीचा विषय तेथेच संपतो.

शेवटी सैन्याच्या भरती कार्यालयांना एक सुचवावेसे वाटते, आणि त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये येथे अग्निवीरांचा मेळावा झाला तेव्हापासून अनेक मुलांच्या तोंडून एकच वर्णन ऐकावयास मिळते. शेकडोंच्या घोळक्यात धाव सुरू होते, पहिला फेरा सारे जण ऊर फुटेस्तोवर मारतात, आणि वेळ संपली की दोर आडवा येतो. दोराच्या अलीकडे राहिलेला मुलगा घरी परततो तेव्हा आपण पाच सेकंदांनी मागे पडलो की पन्नास, हे त्याला ठाऊक नसते. पाच सेकंदांनी पडलेल्याने आणखी एक हिवाळा सराव करणे शहाणपणाचे. पन्नास सेकंदांनी पडलेल्याने वडिलांकडून पुन्हा खोलीभाडे घेण्यापूर्वी विचार केला पाहिजे. छातीवर क्रमांक लावलेला असतो, घड्याळ अधिकाऱ्याच्या हाती असते. शेवटचा मुलगा रेषा ओलांडेपर्यंत आणखी दोन मिनिटे थांबून प्रत्येक क्रमांकापुढे त्याची वेळ लिहावी आणि उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, त्या चिठ्ठीची एक प्रत त्याच्या हाती द्यावी.